राहायला अयोग्य, पाहायला योग्य

दिवस कलायला लागला की धनुष्कोडीच्या अरिचलमुनै या टोकावरून पोलीस लोकांना परत फिरवायला लागतात. अंधार पडल्यावर तिथं थांबायला परवानगी नाही. गाड्यांची रांग रामेश्वरच्या दिशेने सरकू लागते. दोन्ही हातांना समुद्र, मधे वाळूची चिंचोळी पट्टी आणि तिच्यावरून गेलेला सरळसोट डांबरी रस्ता. आमची गाडीही त्या रांगेत होती. खिडकीतून दिसत होतं, रस्त्यापासून थोडं आत झावळ्यांच्या झोपड्यांतून धूर निघायला लागला होता. एक मुलगी वाळत घातलेली मासळी गोळा करत होती. दोन माणसं वाळूत बसून जाळ्याची फाटकी वीण सांधत होती. त्यांना कुणी परत जा म्हणत नव्हतं. जाणार तरी कुठे? ती माणसं घरीच होती.

सकाळी जाताना आमच्या चालकाने मोडक्या हिंदीत सांगितलं होतं, "इधर कोई नहीं रहता. भूत का गाँव है." त्याला दोष देत नाही. साठ वर्षं सगळे हेच सांगत आलेत. मी तरी वेगळं काय ऐकून गेले होते?

धनुष्कोडी म्हणजे धनुष्याचं टोक. रामेश्वरच्या बेटाचं आग्नेयेकडचं हे निमुळतं टोक शहरापासून वीसेक किलोमीटरवर आहे, आणि पलीकडे श्रीलंकेचं तलैमन्नार तीस किलोमीटरच्या आत. काशी-रामेश्वर करणाऱ्यांना ही जागा ठाऊक असते. सेतूवर स्नान केल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही, इथली वाळू प्रयागला नेऊन त्रिवेणीत सोडायची आणि तिकडचं गंगाजल रामेश्वराला आणून घालायचं, ही जुनी रीत. मीही निघताना आईने सांगितलेली वाळूची पुरचुंडी डोक्यात ठेवूनच निघाले होते. वाटेत मुकुंदरायर चत्रम नावाचं ठिकाण लागतं. चत्रम म्हणजे आपलं छत्रच, वाटसरूंनी उतरायची धर्मशाळा. नावावरूनच कळतं की ही पायवाट पर्यटकांच्या कितीतरी आधीची आहे.

इंग्रजांच्या काळात इथं यात्रेकरूंच्या वाटेवर रेल्वे आली. २४ फेब्रुवारी १९१४ ला बेटाला मुख्य भूमीशी जोडणारा पांबनचा समुद्रावरचा पूल सुरू झाला आणि मद्रासच्या एग्मोरहून निघालेली गाडी थेट धनुष्कोडीच्या धक्क्यापर्यंत जाऊ लागली. तिथून आगबोटीने तलैमन्नार, पुढे पुन्हा रेल्वेने कोलंबो. या प्रवासाला लोक 'बोट मेल' म्हणत. म्हणजे आज जिथं रस्ता संपतो तिथं त्या काळी एका देशातून दुसऱ्या देशात जायचं दार होतं. स्टेशन, जकात कचेरी, टपाल-तार कार्यालय, रेल्वेचा दवाखाना, शाळा, चर्च, देवळं. गाव लहान, पण सतत वाहतं.

जमीन मात्र पहिल्यापासून बेभरवशाची होती. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या अभ्यासानुसार १९४८-४९ मध्येच गावाचा मन्नारच्या आखाताकडचा भाग सुमारे पाच मीटर खचला आणि बराच पट्टा पाण्याखाली गेला. १९६४ चं वादळ आलं ते अशा आधीच खचलेल्या गावावर. अंदमानजवळ १७ डिसेंबरला तयार झालेला कमी दाबाचा पट्टा वाढत वाढत श्रीलंका ओलांडून २२ डिसेंबरच्या रात्री इथं आदळला. सुमारे सात मीटर उंचीची पाण्याची भिंत गावावरून गेली. त्याच रात्री ११ वाजून ५५ मिनिटांनी पांबनहून सुटलेली ६५३ क्रमांकाची पॅसेंजर धनुष्कोडीच्या अलीकडेच लाटेखाली सापडली. ११० प्रवासी आणि ५ रेल्वे कर्मचारी, एकही वाचला नाही. वादळाचे एकूण बळी अठराशेच्या आसपास सांगितले जातात.

या आकड्यांपैकी ११० पाशी मी बराच वेळ अडखळले. तो आकडा तिकिटांवरून आलेला आहे. गाडीत विनातिकीट बसलेलेही अनेक असणार, सगळे धरले तर मृतांचा आकडा दोनशेच्या घरात जातो असं मानलं जातं. ज्यांच्याकडे तिकीट नव्हतं ते मेल्यावरही मोजले गेले नाहीत. धनुष्कोडीचा पुढचा सगळा इतिहास मला या एका गोष्टीत सामावलेला दिसतो. कागद असेल तर माणूस आहे, नसेल तर ती जागा रिकामी आहे.

वादळानंतर तेव्हाच्या मद्रास सरकारने हे गाव राहण्यास अयोग्य जाहीर केलं. निर्णय चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. दोन समुद्रांमधल्या खचणाऱ्या वाळूवर पुन्हा स्टेशन आणि शाळा बांधणं म्हणजे पुढच्या वादळाला माणसं वाढून ठेवणं. पांबनचा मोडलेला पूल रेल्वेचे अभियंते ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली ४६ दिवसांत उभा राहिला, पण रेल्वे रामेश्वरपर्यंतच परत आली. पुढचे रूळ कुणी टाकले नाहीत. तेही समजण्यासारखं आहे.

माझं भांडण पुढच्या भागाशी आहे. 'अयोग्य' हा शब्द जमिनीबद्दल होता. हळूहळू तो माणसांना चिकटला. मच्छीमार परत आले, कारण त्यांचं शेत पाण्यात आहे आणि ते तिथंच आहे. उत्तरेकडच्या, पाल्क सामुद्रधुनीच्या बाजूच्या शांत समुद्राला ते 'पेण् कडल', बाईचा समुद्र, म्हणतात आणि मन्नारच्या बाजूच्या खवळत्या समुद्राला 'आण् कडल', पुरुषाचा समुद्र. एका बाजूला वारा उठला की होड्या दुसऱ्या बाजूला काढायच्या, हा त्यांचा वर्षाचा हिशेब. असं टोक सोडून आत कुठे घर घेऊन राहणं म्हणजे निम्मा समुद्र सोडणं. म्हणून ती माणसं राहिली. पण जागा अयोग्य ठरली असल्यामुळे त्यांना वीज नाही, नळ नाही, जमिनीचा कागद नाही, अशी दशकांमागून दशकं गेली. शाळा आली ती चाळीस वर्षांनी. आपण कायद्याने रिकाम्या ठरवलेल्या जागेत राहतो याची त्यांना रोज आठवण करून दिली गेली.

आणि मग २७ जुलै २०१७ ला रस्ता आला. मुकुंदरायर चत्रमपासून अरिचलमुनैपर्यंत साडेनऊ किलोमीटर, राष्ट्रीय महामार्गाचा भाग, उद्घाटनाला पंतप्रधान. त्याआधी वाळूतून धडपडत जाणाऱ्या गाड्यांत बसून किंवा भरती-ओहोटी बघून चालत जावं लागे. आता बसगाड्या टोकाला वळसा घालतात. मार्च २०१९ मध्ये रामेश्वर ते धनुष्कोडी रेल्वेमार्गाची पायाभरणीही झाली, २०८ कोटींचा खर्च सांगितला गेला. पुढे राज्य सरकारने पर्यावरणाच्या कारणावरून विरोध केला आणि ते काम पुढे गेलं नाही, हे चांगलंच झालं. पण मुद्दा हा की जी वाळू माणसाला घर बांधायला धोक्याची आहे, ती महामार्गाला चालते. रुळांनाही चालली असती. गाव राहायला अयोग्य आहे आणि पाहायला योग्य आहे. एकाच जमिनीबद्दल सरकार दोन गोष्टी बोलतं, आणि आपण पर्यटक त्यातली आपल्या सोयीची तेवढी ऐकतो.

'भुताचं गाव' ही आपल्या सोयीचीच गोष्ट आहे. भुतांना पाणी लागत नाही, भुतांच्या पोरांना शाळा लागत नाही. चर्चच्या पडक्या कमानीखाली उभं राहून फोटो काढताना चौकटीत झोपडी आली तर लोक दोन पावलं सरकून ती बाहेर काढतात. मी हे पाहिलं. खरं सांगायचं तर मीही पहिल्या फोटोत तेच केलं, आणि ते कळलं तेव्हा लाज वाटली. चर्चच्या भिंती प्रवाळाच्या दगडाच्या आहेत. त्या इतक्या झिजल्यात की बोटाने भुगा होतो. एक गृहस्थ मुलाला आठवण म्हणून तुकडा काढून देत होते. ती भिंत वाऱ्यापाण्याला साठ वर्षं पुरून उरली, ती अशी हातांनी संपणार.

मग कुणी जाऊच नये का? असं म्हणणारे भेटतात. दुसऱ्याच्या दुःखावर पर्यटन कसलं करता, ती जागा एकटी सोडा, असं त्यांचं म्हणणं. त्यामागची भावना मला कळते, पण तो उपाय पटत नाही. एक तर रस्त्याने पर्यटक आले तसे शिंपल्यांच्या माळा, तळलेली मासळी, शहाळी विकून चार पैसे तिथल्या बायकांच्या हातात आले. मासे धरणं बेभरवशाचं झालेल्या किनाऱ्यावर हे लहान नाही. रात्री कुणाला कळा सुरू झाल्या तर त्याच रस्त्याने तिला दवाखान्यात नेता येतं. दुसरं, न जाण्याने विसरणं सोपं होतं. १९६४ नंतर पन्नास वर्षं आपण फारसे गेलोच नव्हतो, त्यातून त्या माणसांचं काय भलं झालं? प्रश्न जाण्याचा नाही. कसं जायचं याचा आहे, आणि त्यासाठी सरकारने तिथं काय उभं करायचं याचा.

कसं जायचं, याचं उत्तर आपल्याकडे आहे. ज्या घरी माणूस गेलं तिथं आपण समाचाराला जातो. तिथं घर बघायला जात नाही, भिंतीला हात लावून 'किती जुनी' म्हणत नाही. घरातल्या माणसाजवळ बसतो. कसं झालं, कधी झालं, हे तेच सांगतात, आपण ऐकतो. दहाव्यांदा सांगत असले तरी ऐकतो, कारण सांगण्याने त्यांचं हलकं होतं. निघताना 'येतो' म्हणत नाही. हे सगळं न शिकवता आपल्याला येतं. पण साठ वर्षांपूर्वी मेलेल्या अठराशे माणसांच्या दारात गेलो की आपण ते विसरतो, कारण तिथं सांगणारं कुणी नाही असं आपल्याला आधीच सांगून ठेवलेलं असतं.

जपानने या बाबतीत जे केलं ते मला फार मोलाचं वाटतं. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीत इशिनोमाकीच्या ओकावा प्राथमिक शाळेत ७४ मुलं आणि १० शिक्षक गेले. त्या शाळेचा सांगाडा ठेवायचा की पाडायचा, यावर गावात वर्षानुवर्षं वाद झाला. काही पालकांना ती इमारत नजरेसमोर नको होती, काहींना ती जाऊ द्यायची नव्हती. शेवटी ती ठेवली आणि २०२१ मध्ये स्मृतिस्थळ म्हणून खुली केली. मिनामिसान्रिकूमध्ये आपत्ती निवारण कचेरीचा नुसता लोखंडी सांगाडा उरला. शेवटच्या क्षणापर्यंत लोकांना उंचावर जा म्हणून सांगत राहिलेले कर्मचारी तिथंच वाहून गेले. तोही ठेवावा की नाही हे ठरेना, म्हणून प्रांताने तो २०३१ पर्यंत आपल्या ताब्यात घेतला, की लोकांना विचार करायला वेळ मिळावा. गावाने २०२४ मध्ये तो कायम ठेवायचं ठरवलं. वीस वर्षं थांबायची तयारी! आणि अशा ठिकाणी पाहुण्यांना फिरवणारे बरेचदा वाचलेले लोक असतात. त्यांना तिथं 'कातारिबे' म्हणतात, म्हणजे गोष्ट सांगणारे. ते त्या दिवशी पाणी कुठून आलं, कोण कुणीकडे पळालं, काय चुकलं, ते सांगतात. पाहुणा परत जातो तो आपल्या गावातली उंच जागा कुठली हे मनाशी शोधत.

धनुष्कोडीत हा वाद झालाच नाही. पडकं काय ठेवायचं, काय जाऊ द्यायचं, हे ज्यांचं गेलं त्यांना कुणी विचारलं नाही. एक स्मृतिशिला आहे. २२ डिसेंबर १९६४ च्या मध्यरात्रीपासून २५ तारखेच्या संध्याकाळपर्यंत वादळाने बेटाचं नुकसान केलं आणि धनुष्कोडी गाव संपूर्ण उद्ध्वस्त झालं, एवढं तिच्यावर आहे. माणसांची नावं मला तिच्यावर दिसली नाहीत. त्या रात्री झाडाला, छपराला धरून तरलेली तेव्हाची मुलं आज सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांच्याकडून नावं, घरं, गल्ल्या लिहून घ्यायला फार वर्षं उरलेली नाहीत. विनातिकीट गेलेल्यांची नावंही कुणाच्या तरी घरी अजून माहीत असतील. शिलेवर ती कोरायला पैसे थोडे लागतात. विचारायला मात्र दारोदार जावं लागेल.

राहणाऱ्यांचं काय करायचं हा जास्त अवघड भाग आहे, आणि इथं मला चिलीमधलं चायतेन आठवतं. मे २००८ मध्ये ज्वालामुखीच्या राखेने भरलेली नदी त्या किनाऱ्यावरच्या गावातून फुटून वाहिली. सरकारने गाव सोडून उत्तरेला नवीन गाव वसवायचं ठरवलं. पण लोक राखेतून घरं उकरून परत राहायला लागले, वीज-पाण्याशिवाय राहिले, आणि शेवटी सरकारलाच माघार घेऊन जुन्या गावात सोयी परत आणाव्या लागल्या. यातून मी असा निष्कर्ष काढत नाही की धनुष्कोडीत पुन्हा गाव वसवावं. तिथं डोंगर नाही, चढायला उंची नाही, धोका वेगळा आहे. पण ज्यांचं पोट त्या जागेवर आहे ते जाहीरनाम्याने हलत नाहीत, हे दोन्हीकडे सारखं आहे. ते राहणारच, हे धरूनच नियम करायला हवा.

मच्छीमाराचा हक्क वाळूवर पक्कं घर बांधण्याचा आहे असं मी मानत नाही. त्याचा हक्क किनारा वापरण्याचा आहे: होडी लावायला जागा, जाळी सुकवायला जागा, हंगामात झोपडीत राहायला जागा, आणि वादळ येणार असेल तेव्हा पोराबाळांसह तासाभरात पोचता येईल असा भक्कम निवारा. तो कागदावर लिहून द्यायला हवा. २०२५ मध्ये तामिळनाडूने इथल्या खाजणाचा भाग रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य म्हणून जाहीर केला. ते योग्यच झालं. पक्षी हंगामात येतात, जातात, तरी त्यांची जागा त्यांची आहे हे सरकारला मान्य करता आलं. हंगामाप्रमाणे दोन समुद्रांमध्ये हलणाऱ्या माणसांच्या बाबतीत ते का करता येऊ नये?

आणि इशाऱ्याची गोष्ट आता १९६४ सारखी राहिलेली नाही. २००४ पासून आपल्या समुद्रातल्या वादळांना नावं मिळतात, त्यांचा मार्ग दोन-तीन दिवस आधी कळतो. डिसेंबर २०२० मध्ये 'बुरेवी' श्रीलंका ओलांडून याच पांबनकडे आलं, जवळपास १९६४ च्याच वाटेने. इशारे दिले गेले, ते किनाऱ्यापाशी मंदावलं, आणि १९६४ झालं नाही. तेव्हा धनुष्कोडीतल्या माणसांना वाचवता येत नाही म्हणून तिथं राहू देता येत नाही, हे म्हणणं आता तेवढं खरं नाही. वाचवायला आधी ती मोजावी लागतात.

बाकी जे करायचं ते मोठं नाही. टोकापर्यंत खाजगी गाड्या नेऊच नयेत. मुकुंदरायर चत्रमला गाड्या थांबवाव्यात, पुढे मोजक्या बस असाव्यात आणि बसमधून उतरल्यावर गावातलंच कुणीतरी बरोबर असावं, ज्याच्या आजीने किंवा बापाने ती रात्र पाहिली आहे. त्याला पगार मिळावा. चर्च आणि स्टेशनच्या भिंतींना हात लावता येणार नाही एवढं अंतर ठेवावं. हॉटेलं, साहसी खेळ, रूळ, यातलं काहीही त्या पट्टीवर नको. यावर 'गर्दी कमी होईल' असं कुणी म्हणेल. होऊ दे. घाईने आलेल्या शंभर जणांपेक्षा बसून ऐकणाऱ्या दहा जणांचे पैसे गावात जास्त वेळ थांबतात, असं माझं मत आहे. मग जायला वेळ लागेल, उन्हात थांबावं लागेल. समाचाराला जाताना आपण तेवढं करतोच.

परतीच्या रांगेत लागण्याआधी तासभर मी एका बाईपाशी बसले होते. भाषा येत नव्हती, दोघींनाही. ती मला झोपडीमागे घेऊन गेली. वाळूत हातभर खोल खड्डा होता, तळाशी पाणी झिरपलेलं. दोन्हीकडे शंभर-दोनशे पावलांवर खारा समुद्र आणि मधे हे गोड पाणी. पावसाचं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असतं, ते वाळूत वरच्या वर तरंगून राहतं. करवंटीने हळूहळू वरचंच घ्यायचं. घाईने उपसलं तर खालून खारं चढतं. हे तिने खुणांनी सांगितलं, आणि करवंटी भरून माझ्यापुढे धरली. मी प्यायले. मग तिने समुद्राकडे बोट दाखवून हात डोक्याच्याही वर नेला, एवढं पाणी होतं, आणि चार बोटं दाखवली. चार काय? माणसं, वर्षं, घरं? मला विचारता आलं नाही. बाहेर पोलिसांची शिट्टी वाजली. तिने खड्ड्यावर पत्रा झाकला, त्यावर दगड ठेवला. मी हात जोडले आणि काही न बोलता निघाले.